वडील मंडळींचीं औषधें आणि औषधतज्ज्ञ

कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबांत आज डोकावून पाहिलें, तर देवांच्या संपुष्टाइतकाच जपून ठेवलेला दुसरा एक डबा दृष्टीस पडतो. तो म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या औषधांचा. आजोबांची रक्तदाबाची गोळी, मधुमेहाच्या दोन, रक्त पातळ ठेवण्याची एक, लघवी साफ होण्याची एक. आजींची थायरॉइडची, गुडघेदुखीची, पित्ताची आणि झोपेची. शिवाय कोणी आप्तानें सुचविलेलें एखादें चूर्ण व परदेशीं असलेल्या मुलानें धाडलेली जीवनसत्त्वांची बाटली. कोणती गोळी चहापूर्वीं आणि कोणती जेवणानंतर, हें सूनबाई परवचा म्हणावा तसें न अडखळतां सांगतात. या व्यवस्थेंत माया आहे, शिस्त आहे आणि खर्चहि बेताचा नाहीं. परंतु एका प्रश्नाचें उत्तर बहुधा घरांतील कोणाजवळच नसतें. या साऱ्या गोळ्या एकत्र पाहून, या वयाच्या या मनुष्यास त्या सर्व मिळून मानवतात कीं नाहीं, याचा विचार शेवटचा कोणीं व केव्हां केला?

उत्तर नसतें याचें कारण कोणाचा हलगर्जीपणा हें नव्हे. हृदयाचे डॉक्टर हृदयाकडे पाहतात, हाडांचे डॉक्टर गुडघ्याकडे पाहतात, मधुमेहाचे तज्ज्ञ साखरेकडे पाहतात. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या ठिकाणीं बरोबर असते. परंतु त्या सर्व चिठ्ठ्यांची बेरीज एकाच देहांत होते, आणि ती बेरीज तपासण्याचें काम कोणाकडेच सोंपविलेलें नसतें. अंकगणितानें पाहिलें तरी ही गोष्ट सहज ध्यानांत येईल. पांच औषधें घेतलीं तर दोन-दोनांच्या १० जोड्या होतात. आठांच्या २८ आणि दहांच्या ४५ होतात. प्रत्येक जोडी अपायकारक असते असें मुळींच नाहीं; पण औषधें दुप्पट झालीं म्हणजे तपासावयाच्या जोड्या चौपटीहूनहि अधिक होतात, एवढें यावरून स्पष्ट होतें. हें तपासण्याचें काम ज्याचें आहे, अशा एका तज्ज्ञाची ओळख वाचकांस करून द्यावी, हाच या लेखाचा हेतु आहे. इंग्रजींत त्यास क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. आपण त्यास रुग्णालयांतील औषधतज्ज्ञ, किंवा थोडक्यांत औषधतज्ज्ञ म्हणूं.

औषधांची उतरंड

प्रथम दुखणें काय आहे तें नीट समजून घेऊं. वृद्धांच्या बाबतींत वारंवार आढळणारा एक क्रम उदाहरणादाखल पाहा. आजोबांस रक्तदाबासाठीं अम्लोडिपिन नांवाची गोळी दिली जाते. गोळी चांगली आहे, दीर्घकाळ वापरांत आहे. तथापि कांहीं माणसांच्या पायांवर तिच्यामुळें सूज येते. सूज दिसतांच घरचे घाबरतात आणि ती उतरावी म्हणून लघवी वाढविणारी गोळी सुरू होते. आतां आजोबांस रात्रीं तीनतीनदां उठावें लागतें; झोप मोडते; अंगांतील पाणी व क्षार कमी होऊन उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येते. मग चक्करेची गोळी येते. ती बहुधा प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असते. चार-आठ दिवसांपुरती ती ठीक. परंतु महिनोन् महिने चालू राहिली, तर वृद्ध माणसाच्या हातांस कंप सुटूं शकतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार दिसूं लागतो. हीं लक्षणें कंपवाताच्या लक्षणांसारखींच असतात. म्हणून पुढें कंपवातावरील औषध सुरू होतें, आणि त्याचे परिणाम पुन्हां निराळेच.

एका औषधाचा दुष्परिणाम हाच नवा रोग समजून त्यावर दुसरें औषध देण्याच्या या क्रमास पॉला रोशोन व जेरी गरविट्झ या दोन डॉक्टरांनीं इंग्रजींत 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असें नांव दिलें, आणि १९९७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें त्याचें सोदाहरण विवेचन केलें. आपल्या भाषेंत त्यास औषधांची उतरंड म्हणतां येईल. उतरंडींतील वरचीं मडकीं सर्वांस दिसतात. अगदीं तळाशीं कोणतें आहे, हें मुद्दाम वांकून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. वरील उदाहरणांत, पहिल्या सुजेच्या वेळींच कोणी विचारलें असतें कीं ही सूज रोगाची कीं गोळीची, तर डॉक्टरांनीं मात्रा उतरवून किंवा गोळी बदलून तेथेंच काम भागविलें असतें.

परंतु एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें यांतील खरी हानि निराळीच आहे. आजोबा मंद झाले, आजींना विसर पडूं लागला, त्या रात्रीं बाथरूमकडे जातांना पडल्या, कीं आपण एकमेकांस म्हणतों, "आतां वय झालें." हे शब्द प्रेमानेंच उच्चारले जातात, पण ते उच्चारतांच विचार थांबतो. सर्दीवर सर्रास घेतली जाणारी क्लोरफेनिरामिनसारखी जुन्या पठडींतील गोळी वृद्धास भ्रमिष्ट करूं शकते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबवूं शकते. अल्प्राझोलामसारखी झोपेची वा चिंतेची गोळी तोल बिघडवून पाडूं शकते, आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडणें म्हणजे केवढा अनर्थ, हें सांगणें नलगे. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइडचा अंमल दीर्घकाळ टिकत असल्यामुळें जेवण थोडें कमी झालें तरी साखर फार खालीं जाऊन पहांटे घाम, बडबड व ग्लानि येऊं शकते. हीं सारीं लक्षणें वार्धक्याच्या वेषांत येतात. वार्धक्यास उपाय नाहीं; परंतु गोळीस आहे. म्हणून या दोहोंतील फरक ओळखणें अत्यंत अगत्याचें आहे.

वयाचा हिशेब

तरुणास जी मात्रा मानवते तीच वृद्धास कां मानवत नाहीं, याचीं कारणें शास्त्रास ठाऊक आहेत. वय वाढतें तसें शरीरांतील पाण्याचें प्रमाण घटतें व मेदाचें वाढतें. त्यामुळें डायझेपामसारखीं मेदांत विरघळणारीं औषधें अंगांत फार काळ रेंगाळतात. यकृताचें काम मंदावतें. मेंदु औषधांस अधिक संवेदनक्षम होतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मूत्रपिंडांची शक्ति हळूहळू उणी होते.

या शेवटच्या गोष्टींत एक फसगत आहे. मूत्रपिंडांची परीक्षा म्हणून रक्तांतील क्रिएटिनिन मोजतात. हें द्रव्य स्नायूंपासून निर्माण होतें. वृद्धांचे स्नायू झडलेले असल्यामुळें तें मुळांत कमीच तयार होतें, आणि मूत्रपिंडें दुबळीं झालीं असलीं तरी अहवालांतील आंकडा निर्दोष दिसतो. ही फसगत टाळण्यासाठीं कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनीं १९७६ सालीं एक सोपें सूत्र प्रसिद्ध केलें. १४० मधून वय वजा करावें. आलेल्या संख्येस वजनाच्या किलोंनीं गुणावें. गुणाकारास क्रिएटिनिनच्या ७२ पटीनें भागावें. आणि रुग्ण स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ नें गुणावें. मूत्रपिंडें दर मिनिटास किती मिलिलिटर रक्तद्रव शुद्ध करतात, याचा अंदाज त्यावरून मिळतो.

आतां हिशेब करून पाहूं. ८० वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या आजी आहेत. क्रिएटिनिन १, म्हणजे अहवालाच्या दृष्टीनें अगदीं यथास्थित. उत्तर येतें सुमारे ३५. त्यांच्याच घरांतील ३० वर्षांच्या, तितक्याच वजनाच्या नातसुनेचें क्रिएटिनिनहि १ आहे. तिचें उत्तर येतें सुमारे ६५. अहवालाचा कागद दोघींचा सारखा, पण आजींच्या मूत्रपिंडांची शक्ति जवळजवळ निम्मी! मधुमेहावरील मेटफॉर्मिन, हृदयावरील डिगॉक्सिन, नसांच्या वेदनेवरील गॅबापेंटिन अशा औषधांची मात्रा या आंकड्यावरून ठरवावी लागते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागांत, बाहेर शंभर माणसें खोळंबलीं असतांना, हा हिशेब प्रत्येक वेळीं कोणी मांडावा? तो मांडणें हें औषधतज्ज्ञाचें नित्यकर्म आहे.

हा तज्ज्ञ कोण?

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण सांगून सोळा गुणांनीं युक्त चिकित्सा फलदायी होते, असा तेथील अभिप्राय आहे. त्यांत द्रव्याचा, म्हणजे औषधाचा, स्वतंत्र पाद मानला असला तरी त्या पादाचा स्वतंत्र रखवालदार सांगितलेला नाहीं. कारण त्या काळीं वैद्यच औषध ओळखी, सिद्ध करी व देई. पुढें पाश्चात्य पद्धतींत औषध लिहिणारा व तयार करणारा हे निराळे झाले. आपल्याकडील दवाखान्यांत कंपाउंडर असे. कांचेच्या बाटलींत तांबडें औषध भरून, मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी तिला चिकटवून तो देई, हें साठी उलटलेल्या वाचकांस आठवत असेलच. नंतर औषधें कारखान्यांत तयार होऊं लागलीं, तेव्हां कंपाउंडरचें हस्तकौशल्य निरुपयोगी ठरलें आणि त्याच्या जागीं पाकिटें मोजून देणारा दुकानदार उरला. औषधाचें ज्ञान असलेला मनुष्य असा रुग्णापासून दूर गेला.

त्यास रुग्णाच्या खाटेजवळ परत आणण्याचा एक प्रसिद्ध उपक्रम १९६६ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांत सुरू झाला. तेथील नवव्या मजल्यावर औषधतज्ज्ञांची नेमणूक करण्यांत आली. डॉक्टर व परिचारिका यांच्या बरोबरीनें त्यांनीं औषधयोजनेंत भाग घ्यावा, अशी योजना होती. त्या मजल्यावरून या उपक्रमास 'नाइन्थ फ्लोअर प्रोजेक्ट' असेंच नांव पडलें. पुढें १९९० सालीं हेपलर व स्ट्रँड यांनीं आपल्या निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं औषध बिनचूक देण्यापाशीं औषधतज्ज्ञाचें कर्तव्य संपत नाहीं. त्या औषधानें रुग्णाचें खरोखर हित झालें कीं नाहीं, याचेंहि उत्तरदायित्व त्यानें पत्करावयास हवें.

असा तज्ज्ञ प्रत्यक्ष करतो तरी काय? रुग्ण दाखल होतांच तो त्याच्या सर्व औषधांची खरी यादी करतो. त्यांत चिठ्ठींतील औषधें असतात, तशींच दुकानांतून आपण होऊन आणलेलीं, शेजाऱ्यानें दिलेलीं आणि आयुर्वेदीयहि असतात. खोकल्यासाठीं रोज घेतलेला ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतो. पण तो फार दिवस व अधिक प्रमाणांत घेतल्यास रक्तदाब वाढवितो आणि रक्तांतील पोटॅशियम उतरवितो. मग प्रत्येक औषधापुढें तो चार प्रश्न मांडतो: हें कशासाठीं सुरू झालें? तें कारण आज उरलें आहे काय? या वयास व या मूत्रपिंडांस ही मात्रा योग्य आहे काय? आणि यादींतील दुसऱ्या कशाशीं याचें वांकडें आहे काय? रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनबरोबर वेदनाशामक गोळी घेतल्यास पोटांत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्तदाबावरील कांहीं गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि वेदनाशामक या तिघी एकत्र आल्या तर मूत्रपिंडें अकस्मात् बिघडूं शकतात. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचें अंतर न ठेवल्यास पहिलीचा गुण येत नाहीं. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतलें गेलें तर प्राणावर बेततें.

या कामीं त्याच्या हाताशीं कांहीं प्रमाणभूत याद्याहि असतात. अमेरिकेंतील डॉ. मार्क बीअर्स यांनीं १९९१ सालीं वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी प्रथम तयार करविली; तिची सुधारलेली आवृत्ति २०२३ मध्यें निघाली. आयर्लंडमधील कॉर्क येथील वैद्यांनीं २००८ सालीं दुसरी एक जोडयादी प्रसिद्ध केली. तिचा पूर्वार्ध 'स्टॉप' म्हणजे कोणतीं औषधें थांबवावीं, आणि उत्तरार्ध 'स्टार्ट' म्हणजे कोणतीं औषधें आवश्यक असूनहि द्यावयाचीं राहून जातात. हा उत्तरार्ध ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. औषधतज्ज्ञ म्हणजे गोळ्या कमी करणारा मनुष्य, असा समज होऊं नये. वृद्ध आहे म्हणून एखाद्यास हितकर औषधापासून वंचित ठेवणें, हाहि अन्यायच होय. आणि या याद्या म्हणजे निषेधाज्ञा नव्हेत; विचार करण्यासाठीं थांबविणाऱ्या खुणा आहेत.

अनुभव काय सांगतो?

एवढ्यानें खरोखर गुण येतो काय, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारतीलच. स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठ-रुग्णालयांत ८० वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या ४०० रुग्णांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांस नेहमींची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांच्या वॉर्डांत औषधतज्ज्ञ नेमला होता. त्यानें यादी केली, डॉक्टरांशीं विचारविनिमय केला, रुग्णास समजावून दिलें, घरीं जातांना त्याच्या नेहमींच्या डॉक्टरांस माहिती कळविली आणि दोन महिन्यांनीं दूरध्वनीवरून विचारपूस केली. वर्षभरानंतर हिशेब केला, तेव्हां या दुसऱ्या गटाच्या रुग्णालयांतील एकूण फेऱ्या १६ टक्क्यांनीं, तांतडीच्या विभागांतील फेऱ्या ४७ टक्क्यांनीं आणि औषधांच्या दोषामुळें पुन्हां दाखल होण्याचे प्रसंग ८० टक्क्यांनीं कमी आढळले.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. इंग्लंडमध्यें नॉर्फोक व सफोक या परगण्यांत रुग्णालयांतून घरीं परतलेल्या ८० वर्षांवरील माणसांकडे औषधतज्ज्ञांनीं दोनदां जाऊन औषधें तपासण्याचा प्रयोग झाला. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतानुसार सहा महिन्यांत त्या गटांतील माणसें रुग्णालयांत दाखल होण्याचें प्रमाण कमी न होतां ३० टक्क्यांनीं वाढलें! पुढें स्वीडनमध्येंच चार रुग्णालयांतील २,६०० हून अधिक वृद्धांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांत, ज्याचा वृत्तांत २०२१ सालीं आला, रुग्णालयांतील अनपेक्षित फेऱ्या घटल्या नाहींत.

मग यांतून घ्यावयाचें काय? प्रस्तुत लेखकाच्या मतें हे प्रयोग परस्परविरोधी नाहींत; ते मर्यादा दाखवितात. परीक्षकानें चूक दाखविली म्हणून उत्तरपत्रिका आपोआप सुधारत नाहीं. विद्यार्थ्यानें ती सुधारावी लागते. औषधतज्ज्ञानें दोष हेरला, पण औषध बदलण्याचा अधिकार ज्या डॉक्टरांकडे आहे त्यांच्यापर्यंत तो पोंचला नाहीं, किंवा पोंचूनहि त्यावर कृति झाली नाहीं, तर रुग्णाच्या पदरांत केवळ एक चिंता अधिक पडते. उप्सालाच्या त्या वॉर्डांत औषधतज्ज्ञ डॉक्टरांच्या शेजारीं उभा होता. नॉर्फोकमध्यें तो एकटा दारीं गेला होता. सारांश, हा तज्ज्ञ जादूगार नव्हे. डॉक्टर, औषधतज्ज्ञ, परिचारिका आणि कुटुंब यांचें संगनमत असेल तेथेंच त्याच्या विद्येचें सार्थक होईल, अशी आशा बाळगावी.

आपल्या देशांतील स्थिति

आपल्याकडे या विद्येचा पाया नवा नाहीं. काशी हिंदु विश्वविद्यालयांत महादेव लाल श्रॉफ यांनीं १९३२ सालीं औषधशास्त्राच्या उच्च शिक्षणास आरंभ केला. १९४८ सालीं फार्मसी कायदा झाला. रुग्णालयांत काम करणारा औषधतज्ज्ञ घडावा, या हेतूनें २००८ पासून 'फार्म. डी.' हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांत पांच वर्षें शिक्षण व एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी आहे. २०१५ सालच्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार तर नोंदणीकृत फार्मासिस्टनें चिठ्ठी तपासणें व रुग्णास औषधाविषयीं समजावून सांगणें, हें त्याचें कर्तव्यच ठरविलें आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठीं २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर सामान्य नागरिकहि असा अनुभव कळवूं शकतो.

म्हणजे कायदा आहे, शिक्षण आहे. उणीव आहे ती व्यवहाराची. कित्येक दुकानांत परवान्यावर नांव एकाचें आणि गल्ल्यामागें मनुष्य दुसराच असतो. फार्म. डी. होऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींस रुग्णालयांत योग्य जागा मिळतेच असें नाहीं. आणि आपण ग्राहकहि दुकानांत जाऊन कोणता प्रश्न विचारतों? "सवलत किती?" औषधाच्या जाणकारास आपण त्याच्या ज्ञानाविषयीं कधीं विचारीतच नाहीं, मग तें ज्ञान गंजलें तर नवल काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशांत साठीच्या पुढील माणसें १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होतीं. महाराष्ट्रांत हें प्रमाण ९.९ टक्के होतें. तेव्हांपासून तें वाढतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं 'औषध, पण अपायाविना' अशा अर्थाची एक जगद्व्यापी मोहीम आरंभिली. औषधांतील टाळतां येण्याजोगे गंभीर अपाय पांच वर्षांत निम्म्यावर आणावे, असें तिचें उद्दिष्ट होतें. त्या वेळीं औषधविषयक चुकांपायीं जगाचें वर्षास सुमारे ४,२०० कोटी डॉलरांचें नुकसान होतें, असा अंदाज संघटनेनें वर्तविला होता. आपल्या घरांतील हानि मात्र डॉलरांत मोजतां येत नाहीं. ती आजोबांच्या मंदावलेल्या चालींत आणि आजींच्या हरवलेल्या बोलण्यांत असते.

घरीं काय करतां येईल?

प्रत्येक रुग्णालयांत औषधतज्ज्ञ येईपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें नाहीं. जपानांत रुग्ण 'ओकुसुरी तेचो' नांवाची एक छोटी औषधवही जवळ बाळगतात. प्रत्येक वेळीं दिलेल्या औषधाची नोंद दुकानांतील फार्मासिस्ट तींत करून देतो आणि कोणत्याहि डॉक्टरांकडे गेलें तरी ती वही पुढें ठेवली जाते. आपल्या घरांतहि प्रत्येक वडील माणसाच्या नांवें अशी एक वही घालावी. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या घरास ती मुळींच जड नाहीं.

वहींत औषधाचें दुकानी नांव लिहावें, आणि त्याखालीं पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलें मूळ द्रव्याचें नांवहि अवश्य लिहावें. एकच द्रव्य निरनिराळ्या नांवांनीं विकलें जातें. शिवाय दोन-तीन द्रव्यें एकत्र केलेल्या गोळ्या आपल्याकडे फार. रुग्णालयांतून परततांना नव्या नांवाची गोळी मिळते, घरीं जुनीहि चालूच असते, आणि एकच औषध दुप्पट पोटांत जातें. मूळ नांव लिहिलें असतां ही गफलत एका दृष्टिक्षेपांत कळते. पुढें मात्रा, वेळ, सुरू केल्याची तारीख, कोणत्या डॉक्टरांनीं दिलें आणि कशासाठीं दिलें, हे रकाने आंखावे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ज्या औषधापुढें 'कशासाठीं' हें लिहितां येत नाहीं, त्याविषयीं पुढील भेटींत डॉक्टरांस अवश्य विचारावें. चूर्णें, काढे, जीवनसत्त्वें व वेदनाशामक मलमें यांसहि वहींत जागा द्यावी.

शक्य तों एकाच दुकानांतून औषधें घ्यावीं आणि तेथील नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण, हें विचारून त्याच्याशीं परिचय करून घ्यावा. सहा महिन्यांतून एकदां, आणि रुग्णालयांतून घरीं आल्यावर तर अवश्य, सारा डबा पिशवींत घालून त्या फार्मासिस्टपुढें व नंतर घरच्या डॉक्टरांपुढें रिकामा करावा. ज्या मोठ्या रुग्णालयांत औषधतज्ज्ञ नेमलेला आहे, तेथें त्याची भेट मागून घ्यावी. नवें औषध सुरू झाल्यावर कांहीं दिवसांत कांहीं नवीन लक्षण दिसलें, तर तें तारखेसह लिहून ठेवावें व पहिला संशय त्या औषधावर घ्यावा.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा लेख वाचून कोणीहि आपल्या मनानें एकहि गोळी बंद करूं नये. झोपेच्या, फेफऱ्याच्या, हृदयाच्या कित्येक गोळ्या एकाएकीं सोडल्यानें प्राणसंकट ओढवूं शकतें. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालींच उतरवाव्या लागतात. प्रश्न विचारणें हा आपला अधिकार आहे. निर्णय डॉक्टरांबरोबर व्हावयास हवा.

आणखी एक गोष्ट घरांतील तरुण मंडळींस सांगावीशी वाटते. आजोबांनीं "ही गोळी मला कशासाठीं?" असें विचारलें, तर तो हट्ट समजूं नये. ज्याच्या देहांत औषध जावयाचें, त्यास तें कशासाठीं हें जाणण्याचा पहिला मान आहे. पुष्कळदां गोळीनें तोंडास कोरड पडते, पोट साफ होत नाहीं, डोकें जड होतें, हें त्यांस कळत असतें. पण मुलांस त्रास नको, सूनबाई आधींच दमलेल्या, म्हणून तीं वृद्ध माणसें बोलत नाहींत. त्यांजवळ निवांत बसून तें काढून घ्यावें लागतें. कोणत्याहि औषधतज्ज्ञाच्या यादींत सर्वांत आधीं हवी असलेली माहिती हीच आहे, आणि ती घरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणास मिळणार नाहीं.

वार्धक्य हें निसर्गाचें देणें आहे आणि तें मान्यच करावयास हवें. पण जें वार्धक्याचें नाहीं, तें त्याच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. म्हणून, "आतां वय झालें" हे शब्द ओठांवर येतील तेव्हां एवढेंच करावें: ते उच्चारण्यापूर्वीं ती वही उघडावी, आणि जाणत्या माणसापुढें ठेवावी.